वाळूच्या देशात पाणी पाहायला

मानवतला हिवाळा आला हे थंडीवरून कळत नाही, कापसावरून कळते. दिवाळीची पणती विझते न विझते तोच मोंढ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंगची धडधड रात्री उशिरापर्यंत ऐकू येते आणि वाळत घातलेल्या धोतरापासून अंगणातल्या तुळशीपर्यंत सगळ्यांवर पांढरे तंतू येऊन बसतात. अशा दिवसांत गाव सोडून हिंडायला जाणे शेतकऱ्याला शक्य नाही आणि व्यापाऱ्याला परवडणारे नाही. राहता राहिला आमच्यासारखा पगारदार. तोही नाताळच्या सुट्टीत औंढा नागनाथ, माहूर, फार तर वेरूळ गाठतो आणि हुरडा खायला वेळेवर परत येतो.

आम्ही मात्र राजस्थानच्या वाळवंटात जायचे ठरवले. त्याचे मूळही मोंढ्यातच आहे. मराठवाड्यातल्या कोणत्याही मोंढ्यात जा, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली मारवाडी घराणी भेटतातच. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात, आपले पोळा-दसरा त्यांचेही असतात. ही माणसे जो मुलूख सोडून एवढ्या लांब आली तो मुलूख आहे तरी कसा, हे एकदा डोळ्यांनी पाहावे असे फार दिवस मनात होते. ओळखीच्या एका अडत दुकानदार काकांना विचारले, "काका, तुमच्या देशाकडे पाहण्यासारखे काय हो?" वहीतून मान वर न काढता काका म्हणाले, "पाणी बघा. वाळू काय, कुणीही बघेल."

तर आम्ही उभयतां, दोन मुले आणि आमची आई अशी पाच माणसे निघालो. मानवत रोडला गाडीत बसायचे, मनमाडमार्गे मुंबई गाठायची, वांद्र्याहून जोधपूर आणि तेथून रातोरात जैसलमेर, असा हा प्रवास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच चार महिने तेथे जाण्याचे. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तेव्हा त्या वाटेला न गेलेलेच बरे. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वाळू लवकर तापते आणि तितक्याच लवकर निवते. दुपारी अंगात सदरा नको होतो, आणि रात्री दोन रजया घेतल्या तरी पाय गार ते गारच. थंडीच्या बातम्यांत परभणीचे नाव वरच्या ओळीत असते, म्हणून परभणीकरांनी या बाबतीत फुशारकी मारू नये. कानटोपी न्यावीच.

जैसलमेर पहाटे आगगाडीतून उतरल्यावर दिसते ते पिवळ्या दगडाचा एक भलामोठा ढीग असावा तसे. ऊन चढू लागले की ढिगाला बुरूज फुटतात, बुरुजांना खिडक्या फुटतात आणि आपण एका जित्याजागत्या गावापुढे उभे आहोत असे कळते. रावळ जैसल याने ११५६ साली वसवलेल्या या किल्ल्यात आजही काही हजार माणसे राहतात. आत जैन मंदिरे आहेत, किराणा दुकाने आहेत, बोळात खाटा टाकून बसलेल्या म्हाताऱ्या आहेत. सत्यजित राय यांनी १९७४ साली 'सोनार केल्ला' हा चित्रपट काढला तेव्हापासून बंगाली मंडळी तर येथे यात्रेला यावे तशी येतात. खाली गावात पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. दगडाची इतकी नाजूक जाळी पाहून आमच्या सौभाग्यवतींना रुखवतात मांडलेल्या क्रोशाच्या विणकामाची आठवण झाली, आणि ती उपमा मला तरी मार्गदर्शकाच्या वर्णनापेक्षा सरस वाटली.

पण काकांनी सांगितलेले पाणी आम्हांला प्रथम भेटले ते या किल्ल्यातच, आणि तेही वैरी म्हणून. हा किल्ला बांधला गेला तो थेंबाथेंबाने पाणी वापरणाऱ्या माणसांसाठी. पाणी डोक्यावरून घागरीने वर चढायचे. सांडायला होतेच कुठे? पुढे नळ आले, मागोमाग प्रवासी आले, प्रवाशांसाठी किल्ल्याच्या आत हॉटेले आणि न्हाणीघरे आली. सांडपाणी पायाच्या खडकात आणि मातीत मुरू लागले. सातआठशे वर्षे तोफांना आणि वाळूच्या वादळांना न हललेले काही बुरूज या ओलीने ढासळले. १९९६ साली जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या एका यादीत जैसलमेरचे नाव लागले. २०१३ साली राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीतही आले, ती गोष्ट वेगळी. म्हणून माझे स्पष्ट मत असे की किल्ला दिवसभर हिंडून पाहावा, आतल्या लोकांच्या दुकानांतून खरेदी करावी, पण मुक्कामाला खाली गावात यावे. खिडकीतून वाळवंट दिसण्याच्या हौसेपायी त्या पायात आपल्या आंघोळीच्या दोन बादल्या कशाला ओतायच्या?

गावाला नळ येईपर्यंत जैसलमेर जगले ते गडीसर तलावावर. चौदाव्या शतकातले हे काम. आता तेथे नावा चालतात आणि छत्र्यांचे फोटो काढतात. हल्ली गावात येणारे पाणी पंजाबातून येते. १९५८ साली ज्या कालव्याची पायाभरणी झाली आणि ज्याला पुढे इंदिरा गांधी यांचे नाव मिळाले, त्या कालव्याचे. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच. आपलंही पैठणहून येतं." जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा हिशेब मराठवाड्यातल्या माणसाला कुठेही गेले तरी सुटत नाही.

खरा चमत्कार पुढे होता. जैसलमेरपासून वीसएक किलोमीटरच्या आत कुलधरा नावाचे ओसाड गाव आहे. पालीवाल ब्राह्मणांनी ते एका रात्रीत सोडले, एका दुष्ट दिवाणाच्या नजरेतून मुलगी वाचवण्यासाठी, अशी कथा सांगतात आणि भुतांच्या गोष्टी जोडीला देतात. मुलांना भुते आवडली. अभ्यासकांचा कल मात्र आटत गेलेले पाणी आणि करांचा जाच या कारणांकडे आहे. मला भुतांपेक्षा या पालीवालांची शेती पाहायची होती. तिला खडीन म्हणतात.

खडीनची युक्ती अशी. खडकाळ माळाचा उतार जेथे संपतो तेथे मातीचा लांबलचक, बुटका बांध घालायचा. पाऊस पडला की सगळ्या माळाचे पाणी वाहत येऊन बांधाशी थांबते. ते उपसायचे नाही, वाहून न्यायचे नाही; मुरू द्यायचे. जास्तीचे पाणी सांडव्यावरून पुढे जाते. पाणी ओसरले की त्याच ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरायचा. पुढे पाण्याचा एक थेंब देत नाहीत, पीक त्या ओलीवर येते. आम्ही गेलो त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. चहूकडे करडा माळ आणि मधोमध हिरव्या गव्हाचा तुकडा, जणू कुणी सतरंजी अंथरून विसरून गेले आहे. आईला हरभरा दिसताच राहवले नाही. शेतकऱ्याला खुणेने विचारून तिने चार शेंडे खुडले आणि तोंडात टाकले. "आंब चांगली धरलीय," हा तिचा शेरा.

मला वाटते, मानवतच्या माणसाला खडीन जितकी लवकर कळेल तितकी मुंबईकराला कळणार नाही. आपली रब्बीची ज्वारी तरी दुसरे काय करते? पावसाळ्यात काळ्या मातीने प्यालेले पाणी ती हिवाळाभर पुरवून पुरवून पिते. फरक इतकाच की काळी माती आपल्याला आयती मिळाली आणि त्यांना ती बांध घालून जमवावी लागली. शेतकऱ्याने आमच्याकडचा पाऊस विचारला. जैसलमेरची वर्षाची सरासरी २०० मिलिमीटरही भरत नाही. परभणी जिल्ह्याची ८०० च्या वर आहे. तो आकडा ऐकून तो गृहस्थ बराच वेळ हसला, त्याला ती थट्टा वाटली असावी. आता याला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले हे कोणत्या तोंडाने सांगणार? मी विषय बदलून उंटावर आणला.

उंटाविषयी लिहिण्यासारखे फार नाही. समच्या टेकड्या जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. सूर्यास्ताला तेथे जत्रा भरते, जीपगाड्या घुं घुं करीत वाळूवर चढतात आणि एकेका तंबूतून ध्वनिक्षेपक ओरडतात. शांतता हवी असेल तर खुडी गावाकडे जावे. उंट उठताना आधी मागून उठतो, तेव्हा पुढचा खुंट घट्ट धरावा, एवढे सांगितले की पुरे. रात्री मात्र मांगणियार गवयांचे गाणे चुकवू नये. हे लोक धर्माने मुसलमान, यजमान बहुतेक राजपूत, आणि गाण्यात कृष्णजन्मही असतो नि पीरही. त्यांच्या कमायचा या वाद्याचा आवाज घोगरा आणि जिव्हाळ्याचा आहे. ते वाजवणाऱ्या साकर खाँ यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली होती. शेकोटीजवळ, ध्वनिक्षेपकाशिवाय ते ऐकायला मिळाले तर तेवढ्यासाठी आलेला खर्च वसूल समजावा.

जेवणाचे म्हणाल तर बाजरीची भाकरी, लसणाची चटणी यांत आपल्याला नवे नाही. कैर-सांगरीची भाजी मात्र खावी. त्यातली सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे दुसरीतिसरी कुणी नसून आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तिची हे लोक भाजी करतात, दुष्काळात तीच आधार देते. घोटुआ लाडू घरी न्यायला घेतले होते. ते जोधपूरपर्यंतही पोचले नाहीत.

जोधपूरला एक दिवस हाती होता. सकाळी मेहरानगड पाहिला. दुपारी उमेदभवन राजवाडा. हल्ली त्याच्या एका भागात राजघराणे राहते, एका भागात हॉटेल आहे आणि एका भागात संग्रहालय. आपली मजल अर्थात संग्रहालयापर्यंत. हा वाडा १९२९ ते १९४३ एवढी वर्षे बांधला जात होता. लागोपाठ पडलेल्या दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून महाराजांनी तो काढला, असे तेथे सांगतात. दोनतीन हजार माणसे त्यावर राबत होती.

आई एरवी संग्रहालयात कंटाळते. येथे ती थांबली. १९७२ च्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती आणि घरातल्या सगळ्यांबरोबर मानवतजवळच्या एका रस्त्यावर खडी फोडायला जात होती. दुपारची सुकडी ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी आणायची, हे आम्ही तिच्याकडून कितीदा तरी ऐकले आहे. तिने मार्गदर्शकाला मराठीतच विचारले, "बायांना मजुरी काय मिळत होती?" मी त्याला हिंदीतून समजावले. घड्याळांचे दालन, चिनी मातीची भांडी, महाराजांच्या मोटारी यांची सगळी माहिती त्याला तोंडपाठ होती. हे मात्र त्याला कुणी विचारले नव्हते. तो "पुढे चला" म्हणून निघून गेला, आणि आई दाराशेजारच्या एका चिऱ्यावर हात ठेवून, त्याची कड किती सरळ घडवली आहे ते बोटाने पाहत राहिली.