चुलवाणाचा पहिला जाळ

पन्हाळ्याच्या पायथ्याशी एका स्नेह्याच्या मळ्यात आज गुऱ्हाळाचे नवे चुलवाण पेटले. जमिनीत खोल खोदून, विटा व चिकणमातीने कड बांधून, आतून शेणमातीचा गिलावा देऊन आणि पिछाडीस धुरांडे उभारून सिद्ध केलेली ही भट्टी, अंगातली ओल पुरती सुटेपर्यंत, मंदाग्नीवरच राखावी लागते. उतावीळ झाल्यास गिलावा तडकतो. मग उसाची वाळलेली चिपाडे तोंडाशी सरत राहतात, धुरांड्याच्या ओढीने ज्वाळा काहिलीच्या तळाशी आडव्या धावतात आणि भेंडीच्या रसाने वर आलेली मळी काढता काढता उसाच्या रसाला सोन्याची कांती चढते. सुमारे ११८ अंशांवर पाक सिद्ध होतो. परंतु तापमापी न लावता गुळव्या थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडतो, त्याची गोळी बोटांनी चाचपतो आणि काहील उतरविण्याचा हुकूम देतो. त्याची कीर्ती रास्तच. तथापि जाळ घालणाऱ्याची कदर होत नाही, हा मला उघड अन्याय वाटतो, कारण आच क्षणभर चुकली तर पाक करपतो. गुळाचा मान मात्र मोठा: राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवून कोल्हापूरच्या या गुळास बाजार दिला, २०१४ साली त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. वाचकहो, यंदाच्या हंगामात गुऱ्हाळावर गेलात तर काकवी मागण्यापूर्वी चुलवाणाच्या तोंडाशी बसलेल्या त्या माणसाची विचारपूस अवश्य करा.