नाना पेठेतील खरा माल

पुण्याचा लक्ष्मी रस्ता पूर्वेकडे क्वार्टर गेटपाशी येतो, तेव्हा साड्यांची आणि सोन्याची दुकाने मागे पडलेली असतात. हवेत रबराचा, ग्रीसचा आणि नव्या पत्र्याचा वास येऊ लागतो. ही नाना पेठ. नाना फडणविसांचे नाव धारण करणाऱ्या या पेठेत आषाढी वारीच्या दिवसांत संत तुकाराम महाराजांची पालखी निवडुंग्या विठोबा मंदिरात विसावते. एरवी मात्र पेठेची ओळख वेगळी आहे. दुचाकीचा कोणताही सुटा भाग हवा असला, की शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील मेकॅनिकची पावले इकडेच वळतात.

सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे पुढे दुचाकींचे शहर झाले. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजच्या स्कूटर बाहेर पडू लागल्या आणि १९७२ मध्ये चेतक आली. पेट्रोलवरच्या चेतकचे उत्पादन केव्हाच थांबले. २०२० मध्ये ते नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरने पुन्हा धारण केले. तरीही वडिलांची जुनी चेतक जपणारी माणसे झिजलेली पिस्टन रिंग किंवा तुटलेली क्लच वायर वर्तमानपत्रात गुंडाळून आजही या पेठेत येतात. ‘असेच हवे,’ एवढेच त्यांना सांगता येते. बाकी सारे दुकानदाराच्या हाती असते.

या व्यवसायाची खरी परीक्षा येथेच आहे. कापड घेणारा पोत हाताने पाहतो, धान्य घेणारा दाणा दाताखाली धरतो. वाहनाचा सुटा भाग घेणाऱ्याला मात्र खोक्यावरचे नाव तेवढे वाचता येते. माल साधारणपणे तीन प्रकारचा असतो. वाहन कंपनीच्या खोक्यातील भाग हा पहिला. तोच भाग बनवणाऱ्या किंवा दुसऱ्या एखाद्या मान्यवर उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला माल हा दुसरा. तो बहुधा स्वस्त असतो आणि त्यात काहीही गैर नाही. तिसरा प्रकार नकलेचा. त्याचे खोके हुबेहूब, अक्षरेही तीच. आतला जिन्नस मात्र निराळा.

दुपारच्या वेळी एका दुकानासमोर घरपोच जेवण पोहोचवणारा एक तरुण स्कूटर उभी करतो. त्याला मागच्या चाकाचे ब्रेक शू हवे आहेत आणि तेही सर्वांत स्वस्त. पलीकडच्या दुकानात निम्म्या भावात मिळतात, असे तो सांगतो. गल्ल्यावरचे वयस्क शेठ काउंटरवर दोन जोड ठेवतात. ‘हा कंपनीच्या खोक्यातला. हा दुसऱ्या उत्पादकाचा, थोडा स्वस्त, पण भरवशाचा. निम्म्या भावाचा माझ्याकडे नाही, आणि असता तरी तुला दिला नसता.’ नकली शूचे अस्तर नीट चिकटवलेले नसले, तर तापल्यावर ते सुटते. ते फार कठीण असले, तर ड्रमच खाऊन टाकते, हे ते शांतपणे समजावतात. तरुण थोडा घुटमळतो आणि दुसरा जोड घेतो. मागितले नसतानाही त्याच्या हाती बिल दिले जाते.

हे बिल म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या गोष्टी अनुचित व्यापारी प्रथांत गणल्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर वस्तू व सेवा कराचा एकसारखा १८ टक्के दर आला. त्यापूर्वी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. गल्ल्यावरचा माणूस कसा आहे, हे अशा वेळी दिसते. छापील जुनी किंमत दाखवून फरक खिशात टाकणे फारसे अवघड नसते.

मात्र या पेठेतील सर्वांत कठीण प्रसंग ग्राहकासमोर घडत नाही. तो दुकानदार आणि मेकॅनिक यांच्यात घडतो. वर्षानुवर्षे उधारीवर माल नेणारा एक मेकॅनिक याच शेठजींना म्हणाला, ‘आठशेचा माल आहे, बिल हजाराचे करा.’ वरचे दोनशे ग्राहकाने भरायचे होते आणि मेकॅनिकने ठेवायचे होते. शेठजींनी नकार दिला. ‘तुझी मजुरी तू हवी तेवढी सांग, ती तुझ्या कसबाची आहे. माझ्या बिलात ती लपवू नकोस.’ मेकॅनिकने थकबाकी चुकती केली आणि शेजारच्या दुकानाची पायरी चढला. महिन्याकाठी चांगली विक्री देणारे खाते बंद झाले. त्या रात्री मुलाने हिशेब मांडून तोटा दाखवला. शेठजींनी आकडे तपासले, ते बरोबर असल्याचे मान्य केले आणि वही मिटली.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. चोरीचा माल घेणे म्हणजे तदाहृतादान आणि असलाच्या जागी नकली देणे म्हणजे प्रतिरूपक व्यवहार हे त्यांतील दोन. वाहनांच्या सुट्या भागांचा बाजार डोळ्यांसमोर ठेवूनच ते लिहिले असावेत, असे वाटावे इतके ते येथे चपखल बसतात. स्वस्तात आलेल्या बिनबिलाच्या मालाला ‘कुठून आला?’ असे विचारणे, हेही व्रतपालनच आहे.

पेठेच्या आतल्या गल्लीत एक छोटे गॅरेज आहे. तेथील मिस्त्री काम हाती घेण्यापूर्वी खर्चाचा अंदाज कागदावर लिहून देतो आणि काढलेला जुना भाग पिशवीत घालून ग्राहकाला परत करतो. ऑइलचा रिकामा डबा फेकण्यापूर्वी तो त्याला खिळ्याने भोके पाडतो, म्हणजे त्यात भेसळीचे ऑइल भरून कोणी विकू नये. त्या भोकांचे पैसे त्याला कोणी देत नाही. ज्याचे नुकसान त्यामुळे टळते, त्या माणसाला त्याचे नावही ठाऊक नसते.

संध्याकाळी शटर खाली येऊ लागतात. निघून गेलेला मेकॅनिक अद्याप परतलेला नाही. कदाचित परतणारही नाही. शेठजींच्या काउंटरमागे आता मुलगा उभा असतो. एक महाविद्यालयीन मुलगी वडिलांच्या स्कूटरसाठी एअर फिल्टर मागते आणि खोके उलटसुलट करून विचारते, ‘हे ओरिजिनलच आहे ना?’ मुलगा क्षणभर थांबतो. मग सांगतो, ‘नाही, हा दुसऱ्या कंपनीचा आहे. चांगला आहे, पण ओरिजिनल हवा असेल तर उद्या मागवून देतो.’ ती उद्या येते, असे म्हणून निघून जाते. विक्री झालेली नसते. गल्ल्यावरचे शेठजी मान वर करीत नाहीत; मात्र दिवसाच्या जमेची बेरीज करणारे त्यांचे बोट वहीवर क्षणभर थांबते.