चन्नपट्टणला खेळण्यांचा भाव करताना

बंगळूरहून म्हैसूरकडे निघालं की वाटेत रामनगरचे प्रचंड खडक लागतात. १९७५ सालच्या ‘शोले’चं चित्रीकरण इथंच झालं, म्हणून सारी डोकी खिडकीकडे वळतात. पण बालवाडी चालवणाऱ्या भगिनींनी उतरावं ते पुढच्या चन्नपट्टणला. बंगळूरपासून हे गाव सुमारे ६० किलोमीटर. खुळखुळे, भोवरे, मणी, रंगीत चकत्यांचे मनोरे – लाखेच्या लाकडी खेळण्यांचंच गाव म्हणा ना!

गल्लीत शिरलं की लेथची घरघर ऐकू येते. लाकूड बहुधा काळ्या कुड्याचं, पांढरं नि मऊ. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर बसते. वरून केवड्याची पात फिरवली की अशी चकाकी येते, की बघत राहावं! या कामात बायकांचे हातही पुष्कळ आहेत.

आता भावाचं. “शंभर नग केवढ्याला?” एवढं विचारून भागत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन मनोऱ्यांत एकाला हळद-निळीसारख्या वनस्पतींचे रंग असतात, तर दुसऱ्याला रासायनिक. म्हणून दरपत्रक मागताना कागदावर नीट लिहावं: खेळणं कोणतं, माप काय, नग किती, कोणत्या वयासाठी, लाकूड नि रंग कोणता. जीएसटी, पॅकिंग नि वाहतूक धरून भाव की वेगळा? आगाऊ रक्कम किती, माल किती दिवसांत, तुटका नग बदलून देणार का? हाच कागद तीन ठिकाणी द्यावा, म्हणजे तुलना सरळ होते. आधी एकेक नमुना मागवावा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटे बारीक मणी नकोतच.

१ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, तेव्हा चिन्ह नसेल तर नोंदणीचा कागद पाहावा.

घासाघीस करावी, पण कुठं ते ओळखून. महिला मंडळाचा पैसा पै-पै करून जमलेला, हे खरंच. पण नगामागे पाच रुपये ओढून कमी केले, की ते रंगातून निघतात, नाहीतर कारागिराच्या मजुरीतून. आणि बाळ तर हाती येईल ते आधी तोंडात घालतं! त्यापेक्षा चार बालवाड्यांनी मिळून एकच मागणी नोंदवावी. वाहतूक वाटली जाते, नग वाढले की भावही आपसूक उतरतो, आणि कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

माल घरी आला की एवढं सांभाळा: ही खेळणी गरम पाण्यात धुवू नका, लाखेला उष्णता सोसत नाही. ओलसर फडक्यानं पुसून लगेच कोरडी करा.

कोकणातल्या मैत्रिणींना मात्र एवढं लांब जायला नको. सावंतवाडीची चितारआळी त्यांना जवळ. तिथंही जाताना हाच कागद पर्समध्ये असू द्या.