वाद्याचें वय

जुन्या वस्तूचें वय विचारणारा मनुष्य पुष्कळदां वयाची चौकशी करीतच नसतो. तो किंमतीची चौकशी करीत असतो. उत्तर त्याला एका आंकड्यांत हवें असतें, आणि तो आंकडा जितका मागचा तितका त्यास गोड लागतो. परंतु वस्तूचा जन्म माणसासारखा एका घटकेस होत नाहीं. लांकूड एका ऋतूंत कापलेलें, तारा दुसऱ्या महिन्यांत जोडलेल्या, एखादा भाग तर निराळ्याच कारखान्यांतून आलेला. अशा अनेक जन्मतिथींचा तो एक संसार असतो. त्यांतून खरें साल कसें निवडावें, हें विजेच्या एका गिटारीच्या निमित्तानें सांगावें असें मनांत आहे.

आमच्या परिचयाचे एक गोमंतकीय वादक मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षें गिटार वाजवीत असत. त्यांच्या पश्चात् त्यांच्या पत्नीनें ती विकावयाचें ठरविलें, आणि आम्हांस या वाद्यांचा थोडा नाद असल्यामुळें तिचें वय पाहण्यास बोलाविलें. गिटार १९७४ सालीं एका खलाशाकडून जुनीच घेतलेली. माथ्यावर 'फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर' हीं अक्षरें. 'बासष्ट सालची आहे,' असें खलाशानें सांगितलें, वादकांनीं तें घरांत सांगितलें, आणि घरानें तें कुलवृत्तांतासारखें जपलें. एक तरुण वादक त्याच सालच्या भावानें ती घेण्यास तयारही होता.

बासष्ट कीं पासष्ट, हा भेद वाचकांस क्षुल्लक वाटेल; बाजारांत तो क्षुल्लक नाहीं. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें लिओ फेंडर यांच्या कारखान्यानें ही जात १९५४ सालीं बाहेर काढली, आणि जानेवारी १९६५ मध्यें तो कारखाना सीबीएस या बड्या कंपनीनें विकत घेतला. पुढें काम खालावलें, असा वादकांचा समज आहे. म्हणून विक्रीपूर्वीच्या वाद्यास संग्राहक पुष्कळ अधिक द्रव्य मोजतात. जणुं काय मालक बदलला त्या रात्रींच कारागिरांचे हातही बदलले!

प्रथम नांव आणि क्रमांक पाहावे, असें कोणासही वाटेल. परंतु नांव हें नुसतें चिकटविलेलें चित्र असतें. तें दुसऱ्या कोणत्याही लांकडावर चिकटवितां येतें. क्रमांक धडाच्या मागें, चार स्क्रूंनीं बसविलेल्या धातूच्या पट्टीवर कोरलेला होता. आरंभीं रोमन 'एल्', पुढें पांच आंकडे. असे क्रमांक १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंत आढळतात. याहून अधिक त्यांजकडून काढूं नये. या पट्ट्या एका पेटींत पडलेल्या असत आणि हातास येईल ती कामगार लावीत असे. त्यामुळें आधींचा क्रमांक नंतरच्या वाद्यावर जाई. ज्या खुणेकडे सर्वांची दृष्टि प्रथम जाते, तीच येथें सर्वांत कमी बोलते.

तेव्हां तारा उतरल्या, ते चार स्क्रू काढले आणि दांडी धडापासून विलग केली. तिच्या टोंकास, जो भाग एरव्हीं कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं तेथें, शिक्का होता : '२ एप्रिल ६५ बी'. नवशिका यास दोन एप्रिल असें वाचील. परंतु तो दोनाचा आंकडा तारखेचा नव्हे, स्ट्रॅटोकॅस्टर या जातीचा आहे, आणि 'बी' ही दांडीच्या रुंदीची खूण. उरतात तो महिना आणि साल. १९६२ च्या वसंतापर्यंत हीच नोंद पेन्सिलीनें होत असे. नंतर शिक्का आला.

एकट्या साक्षीदारावर निकाल देऊं नये, म्हणून पुढचें झांकण उघडलें. आंत आवाज आणि सूर कमीजास्त करणारे तीन पॉट असतात, आणि त्यांच्या पाठीवर आंकडे असतात : पहिले तीन बनविणाऱ्या कारखान्याचे, पुढचे सालाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. दोन पॉट १९६४ चे निघाले. याचा अर्थ वाद्य १९६४ चें असा नव्हे. वाद्य त्यापूर्वींचें नाहीं, इतकाच. १९६६ सालीं कारखान्यानें पॉटांचा एवढा मोठा सांठा घेतला कीं, तो १९६९ पर्यंतच्या गिटारींतही सांपडतो. उलट बाजूनें माथ्याची साक्ष होती : तो १९६५ च्या अखेरीस रुंद झाला, हा अरुंद होता. पट्टीवरचे ठिपके शिंपल्यासारखे चकाकणारे, म्हणजे पासष्टच्या सुमाराचे. सर्व साक्षी जुळल्या. गिटार १९६५ ची, विक्रीनंतरची.

तिसरा पॉट १९७८ चा होता, आणि त्यावरचें सोल्डर ओबडधोबड.

आम्हीं हें सर्व सांगितलें तेव्हां बाईंनीं प्रथम किंमतीचें विचारलें नाहीं. "म्हणजे ते आम्हांला खोटें सांगत होते का?" असें त्यांनीं विचारलें. "नाहीं, वहिनी. त्यांना जें सांगण्यांत आलें तें त्यांनीं सांगितलें," असें आम्ही म्हणालों. मग तो तिसरा पॉट त्यांस दाखविला. त्या किंचित् थांबल्या. एकदां ध्वनिमुद्रणाच्या आदल्या रात्रीं आवाज खरखरूं लागला, म्हणून गिरगांवांतील एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यास उठवून तो बदलून घेतला होता, हें त्यांस आठवलें. धाकट्या मुलाचा जन्म त्याच्याच पुढल्या वर्षींचा; १९८० चा. म्हणजे ती रात्र १९७९ ची, आणि पॉटावरील आंकड्यांशीं ती जुळत होती. पैशांची त्यांस गरज होती. तरी विक्रीच्या कागदावर '१९६५, एक पॉट बदललेला' असें त्यांनीं आमच्याकडून लिहवून घेतलें, आणि कमी आलेली किंमत स्वीकारली.

बाजाराच्या भाषेंत तो पॉट हा दोष होय. 'मूळ' वस्तूंत तेवढी उणीव. आम्हांस मात्र बाजाराचा हा न्याय उफराटा वाटतो. जें वाद्य कधीं उघडावें लागलें नाहीं, तें बहुधा फारसें वाजलेंही नसतें. आणि सत्य सांगणाऱ्या खुणांकडे पाहिलें तर एक गोष्ट ध्यानांत येते : माथ्यावरचें नांव जगानें वाचावें म्हणून लिहिलेलें असतें, दांडीच्या टोंकाचा शिक्का एका कामगारानें केवळ दुसऱ्या कामगाराच्या सोयीसाठीं मारलेला असतो. त्याला कोणास भुलवावयाचें नव्हतें, म्हणूनच साठ वर्षांनीं त्याचा शब्द ग्राह्य ठरतो. ज्यांस जुन्या वस्तूंचें वय जाणावयाचें असेल, त्यांनीं पेचकस हातीं घ्यावा, आणि निघेल तें साल निमूटपणें मान्य करण्याची तयारीही ठेवावी.