चेंबर फुटलं, इंजिन वाचलं

आपल्याला गाडीचं मायलेज तोंडपाठ असतं. कोणत्या मॉडेलला सनरूफ आहे, हेही झोपेत विचारलं तरी सांगू. पण गाडीच्या पोटाखाली काय असतं, असं विचारा. निम्मे मित्र 'सायलेन्सर' म्हणून मोकळे होतात. त्याच्या पुढे, इंजिनच्या अगदी तळाशी, एक बसकं पत्र्याचं भांडं असतं. मॅन्युअलमध्ये त्याला ऑइल पॅन म्हणतात, गॅरेजमध्ये चेंबर. इंजिनमधला जवळजवळ सगळ्यात स्वस्त भाग हाच, आणि सगळ्यात महागड्या भागाचा जीव याच्याच हातात!

आमच्याकडे २००३ची मारुती ८०० आहे. ती मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली आली तेव्हा मी पहिलीत होते. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते. आता रिटायर्ड. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आठवड्यातून तीनदा तिला फिजिओथेरपीला न्यायचं, ही त्यांची ड्युटी. अंतर एवढंसं, त्यामुळे रिक्षावाले मान हलवून निघून जातात. म्हणजे ही गाडी आमच्याकडे हौस म्हणून नाही, गरज म्हणून आहे. दादाचं मत वेगळं. तो बंगळुरूला असतो आणि दर दिवाळीत विचारतो, 'बाबा, गाडी काढली का?'

गेल्या जुलैत एका गल्लीत साचलेल्या पाण्याखाली दगड होता. खाट्! वीसेक फूट पुढे गेलो नाही तोच डॅशबोर्डवर अल्लादीनच्या दिव्यासारखं लाल चिन्ह पेटलं. बाबांनी त्याच क्षणी चावी फिरवली. मागे हॉर्नचा ऑर्केस्ट्रा सुरू झाला. एकजण खिडकीशी येऊन म्हणाला, 'अंकल, साइडला तरी घ्या.' बाबा म्हणाले, 'ढकलून घेऊ. स्टार्ट नाही करणार.'

तेव्हा मला तो हट्ट वाटला. नंतर बाबांनी फंडा समजावला. चेंबरमध्ये जेमतेम अडीच-तीन लिटर ऑइल असतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोचवतो. फिरणारा क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असतो, सगळा भार त्यावर तोललेला. ऑइल गळालं की पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, लाल दिवा लागतो. त्यानंतर धातूवर धातू घासतो. असं थोडा वेळ जरी चाललं तरी इंजिन जाम होऊ शकतं. 'गॅरेज दोनच मिनिटांवर आहे' म्हणून गाडी रेटणं सगळ्यात महागात पडतं ते यामुळेच.

आणखी एक गंमत. चेंबर फुटलंच पाहिजे असं नाही. नुसता खोल पोचा पडून पत्रा आतल्या जाळीला टेकला, तरी पंपाचा घास अडतो. गळती शून्य, तरीही इंजिन उपाशी. म्हणून खालून मार बसला की नुसतं 'गळत नाहीये ना?' एवढं बघून भागत नाही.

गाडी टो करून ओळखीच्या गॅरेजच्या खड्ड्यावर घेतली. मेकॅनिक खालूनच ओरडला, 'काका, चेंबर फाटलंय. ड्रेन बोल्टच्या बाजूला.' तिथे आधीचाच एक पोचा होता, गंज धरलेला, आणि चीर नेमकी त्याच्या कडेने गेली होती. बाबांनी पहिला प्रश्न चिरेबद्दल विचारलाच नाही. उरलेलं ऑइल त्यांनी एका पांढऱ्या फडक्यातून गाळून घेतलं. मग फडकं उन्हात धरलं. चमकणारा बारीक चुरा दिसला असता तर बेअरिंग खाल्लं गेलं असं समजायचं. मग इंजिन उघडायचं, आणि एवढ्या जुन्या गाडीला तो खर्च म्हणजे दादाचंच खरं झालं असतं. हा चुरा लोहचुंबकाला लागेलच असं नाही, बेअरिंगवरचा मऊ धातू त्याला दाद देत नाही, म्हणून फडकं. आई कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होती. ती काहीच बोलली नाही.

फडकं काळं होतं, पण त्यावर चुरा नव्हता.

आता चीर. पर्याय तीन. पहिला एम-सील. ऑइल पूर्ण काढून, पत्रा घासूनपुसून लावलं तर घरापर्यंत नेईल, पण उष्णता आणि थरथर यांच्यापुढे त्याचा भरवसा किती धरणार? दुसरा वेल्डिंग. त्यासाठी चेंबर उतरवून, धुऊन, कोरडं करावंच लागतं. गाडीखाली झोपून तेलकट चेंबरला ज्योत लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. नव्या गाड्यांची चेंबरं बऱ्याचदा ॲल्युमिनियमची असतात. ती पोचत नाहीत, थेट तडकतात, आणि त्यांना आर्गन वेल्डिंग लागतं. तिसरा पर्याय नवं चेंबर.

फिटरचा जीव, त्यामुळे बाबांनी वेल्डिंगच निवडलं. झाल्यावर त्यांनी बाहेरून खडू फासला आणि आत रॉकेल ओतलं. रॉकेल केसाएवढ्या फटीतूनही झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर डाग उमटतो. अर्ध्या तासाने डाग उमटला. वेल्डिंगच्या जागी नाही, त्याच्या बोटभर पलीकडे. पत्राच थकला होता. बाबांनी क्षणभर त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'नवीन आणा.'

ते मिळालं कुर्ल्यात. याच कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात पद्मिनी बनायची. कारखाना गेला, पद्मिनीच्या शेवटच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली, पण स्पेअर पार्ट्सची गल्ली आहे. मारुती ८०० तर १९८३ ते २०१४ बनत होती, त्यामुळे तिचा माल अजून सापडतो. किंमत? बऱ्यापैकी हॉटेलात दोघांच्या जेवणाइतकी.

बसवण्यातही कला आहे. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडायचा. बोल्ट छोटे असतात, मधून सुरू करून आलटून-पालटून, थोडेथोडे आवळायचे. 'जोर दाखवला की कडा वाकते आणि पुन्हा गळती,' असं म्हणून बाबांनी मेकॅनिकच्या हातातला लांब पाना काढून घेतला! ड्रेन बोल्टचा वॉशर नवा, फिल्टर नवा, आणि सीलंट सुकेपर्यंत धीर. वाया गेलेलं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजच्या पिंपात. गटारात ओतलं तर ते नाल्यातून खाडीत जातं, आणि नियमानेही तो घातक कचरा आहे. स्टार्ट केल्यावर लाल दिवा विझला. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी तो कोरडा ठणठणीत.

नव्या गाडीवाल्यांनो, तुमच्यासाठी एक टीप. फुटलेलं चेंबर इन्शुरन्समध्ये बसू शकतं, पण ऑइलशिवाय गाडी चालवून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन आहे का, ते आजच बघा.

जुनी गाडी ठेवायची की काढायची, हा माझ्या मते भावनेचा प्रश्न नाही. वेल्डिंग फसलं तेव्हा बाबांनी पत्र्याला कवटाळलं नाही, आणि पत्रा गेला म्हणून गाडीही सोडली नाही. कुठला भाग थकला आणि कुठला नाही, एवढंच त्यांनी तपासलं. पुढचा हिशोब २०२८मध्ये. तेव्हा रजिस्ट्रेशन पुन्हा करायचं आहे. २०२२पासून १५ वर्षांवरच्या कारला त्यासाठी ५,००० रुपये लागत होते, २०२५मध्ये २० वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० झाले. तेव्हाही बाबा आधी फडकंच काढतील बहुतेक.

दिवाळीत दादाचा फोन आला. 'बाबा, गाडी काढली का?'

'काढली ना,' बाबा म्हणाले. 'आत्ताच आईला फिजिओला सोडून आलो.'