हरळी आणि गालिचा

आमच्या नात्यात आणि ओळखीत सध्या मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "काय रे, अंगणात प्लास्टिकचं गवत टाकलंस म्हणे?" विचारणाऱ्याच्या सुरावरून लगेच कळतं की माणूस कोणत्या गटातला आहे. एका गटाला भाव हवा असतो, दुसऱ्याला खुलासा. दोन्ही गटांना फोनवर वेगवेगळं सांगून दमलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

खुलासा आधी.

आमचं कोथरूडचं घर १९८४ सालचं. पुढे १९ बाय २१ फुटांचं अंगण. त्या काळात आजूबाजूच्या बंगल्यांपुढे लॉन करायची टूम निघाली होती, पण बाबांनी नर्सरीतून काहीही आणलं नाही. जागेवर मुळातच हरळी होती, तीच राखली. दगड वेचले, खड्डे भरले, बाकीचं तण उपटलं आणि हरळी कापत राहिले. "मैदानावर जे उगवतं तेच अंगणात," असं त्यांचं म्हणणं. मैदान म्हणजे अर्थातच हॉकीचं. बाबा मूळचे खडकीचे, धनराज पिल्लेच्या गावचे. बाबा काही मोठे खेळाडू वगैरे नव्हते, कंपनीच्या संघातून खेळायचे एवढंच. पण हॉकी म्हटलं की माणूस वेगळाच व्हायचा.

आईचा हिशोब निराळा. हरळी म्हणजे दूर्वा. दर चतुर्थीला दारातल्या दूर्वा मिळतात म्हटल्यावर तिला त्या लॉनचं आणखी काही कौतुक करायची गरज नव्हती. बाबा कापताना एक कोपरा तिच्यासाठी वाढू द्यायचे. वादाचा प्रसंग एकच, कोपरा नेमका किती मोठा!

आता गंमत अशी की प्लास्टिकच्या गवतावर बाबांचा विलक्षण राग होता. १५ मार्च १९७५ ला क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला २-१ हरवून विश्वचषक जिंकला, अशोक कुमारने विजयी गोल केला, आणि बाबांनी ते सगळं रेडिओला कान लावून ऐकलेलं. तो सामना गवतावर झाला होता. पुढच्याच वर्षी, १९७६ ला, माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि आपण थेट सातवे आलो. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं पदक आणणारा देश पहिल्यांदा हात हलवत परतला. १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं, तेही टर्फवरच. पण बाबांच्या लेखी हॉकी १९७६ लाच बिघडली होती. "ड्रिब्लिंग गवतावरचं असतं. त्या सतरंजीवर नुसतं पळायचं," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते मला पाढ्यांसारखं पाठ आहे.

त्या सतरंजीचा इतिहास मी गेल्या वर्षी वाचला आणि बाबांना सांगायला हवा होता असं फार वाटलं. १९६५ साली अमेरिकेत ह्यूस्टनला ॲस्ट्रोडोम नावाचं पूर्ण छप्पर असलेलं बेसबॉलचं स्टेडियम उघडलं. आत खरं गवत लावलं होतं, छपराला ऊन येण्यासाठी पारदर्शक पत्रे. पण त्या पत्र्यांच्या चकाकीने खेळाडूंना वर उडालेला चेंडूच दिसेना! मग पत्रे रंगवले. चेंडू दिसायला लागला आणि उन्हाअभावी गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे मोन्सँटो कंपनीचं नायलॉनचं गवत अंथरलं, आणि स्टेडियमच्या नावावरून त्याला ॲस्ट्रोटर्फ म्हणू लागले. मेलेलं ते गवत बर्म्युडा जातीचं होतं. बर्म्युडा म्हणजे आपली हरळीच. तिथली जात तिची संकरित चुलत बहीण म्हणा हवं तर. हरळीला काहीही चालतं. दुष्काळ चालतो, तुडवणं चालतं, कापणं तर फारच मानवतं. फक्त सावली चालत नाही.

असो. विषयावर येतो.

बाबा २०२२ मध्ये गेले. त्यानंतरची दोन वर्षं आम्ही लॉन 'ठेवलं'. म्हणजे मी रविवारी कापायचं म्हणायचो आणि तीन रविवारांतून एकदा कापायचो. माळी आठवड्यातून एकदा यायचा, मग पंधरवड्यातून, मग त्याने यायचं सोडलं. पाणी मात्र आई घालायची, नळाला पहाटे पाणी आलं की पाइप ओढत. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशीच ओल्या मातीवर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. वय ७४. प्लास्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाइपचा आवाज आला, तेव्हा बायको म्हणाली, "आता काहीतरी कर."

काहीतरी म्हणजे काय? फरशी बसवली असती तर अंगण तापलं असतं आणि पावसाळ्यात शेवाळं धरलं असतं, म्हणजे पुन्हा घसरणं आलंच. तसंच सोडून दिलं असतं तर गाजरगवताने ताबा घेतला असता. पगारी माळी ठेवला तरी पहाटेचं पाणी आई दुसऱ्या कुणाला घालू देईल यावर आमचा कुणाचाच विश्वास नव्हता. आणि उन्हाळ्यात पिण्यासाठी टँकर मागवायचा आणि गवताला पाइप लावायचा, हे मला स्वतःला पटेनासं झालं होतं.

कृत्रिम गवताचं नाव काढलं तेव्हा आई काही बोलली नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाली, "त्यांच्या अंगणात? प्लास्टिकचं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. विषय आठ दिवस बंद. नवव्या दिवशी तिनेच काढला. म्हणाली, "टोकियोची मॅच आठवते तुला? सकाळी सात वाजता उठून बसले होते." ५ ऑगस्ट २०२१. जर्मनीविरुद्ध आपण १-३ ने मागे होतो आणि ५-४ ने जिंकलो. शेवटच्या सेकंदांत पेनल्टी कॉर्नर श्रीजेशने अडवला आणि ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळालं. बाबा खुर्चीतून उठून टीव्हीसमोर उभे राहिले होते, डोळे पुसत. आई म्हणाली, "ते काय गवतावर खेळत होते? तेव्हा नाही म्हणाले सतरंजी." मग थोडं थांबून, "पण माझ्या दूर्वा राहिल्या पाहिजेत."

ठरलं. तुळशीवृंदावनाच्या बाजूची तीन फुटांची पट्टी हरळीची, बाकी १९ बाय १८ गालिचा.

आता भाव विचारणाऱ्या गटासाठी. ३५ मिमी उंचीचं गवत घेतलं. खोदाई, खडी, मजुरी सगळं धरून ३१ हजारांच्या आसपास खर्च आला. काम मे २०२४ मध्ये झालं, अडीच दिवस, तीन माणसं. दुकानदार तुम्हाला गवताची उंची आणि मऊपणा दाखवत बसतो, पण खरं काम खालचं असतं. आधी चार इंच माती काढली. मग गटाराकडे हलका उतार देऊन खडी, तिच्यावर बारीक कच, आणि पाणी मारत धुम्मसाने ठोकून घेतलं. इथे कंजूषी केली तर पहिल्या पावसात खळगे पडतात. मग पाणी झिरपेल असं जाड कापड. मग रोल उलगडून दोन-तीन तास उन्हात नुसते पसरून ठेवले, म्हणजे घड्या मोडतात.

रोल दोन मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फूट. आम्हाला तीन पट्ट्या लागल्या. या गवताची पाती एका दिशेला कललेली असतात. तिन्ही पट्ट्यांची दिशा एकच ठेवावी लागते, नाहीतर एकाच गवताचे दोन रंग दिसतात. आमच्या कारागिराने पाती घराकडे कललेली ठेवली. "काकू, व्हरांड्यातून बघितलं की भरगच्च दिसंल," असं त्याने आईला सांगितलं. पट्ट्या एकमेकींवर चढवायच्या नाहीत, कडा कापून शेजारी शेजारी भिडवायच्या आणि खालून टेप लावून चिकटवायच्या. कडेने खिळे. शेवटी बारीक वाळू पसरून उलट्या बाजूने झाडायची. वाळूने पाती उभी राहतात आणि गालिचा जागेवर बसतो. काही लोक वाळूऐवजी रबराचे दाणे टाकतात, ते आम्ही नको म्हटलं. ते दाणे पावसाबरोबर गटारात जातात. युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये मैदानांवरच्या अशा दाण्यांवर बंदी घातली आणि आठ वर्षांची मुदत दिली, हे त्याच सुमारास वाचलं होतं.

एक वाद झाला. हरळी पुन्हा फुटू नये म्हणून कारागीर आधी तणनाशक मारायला निघाला होता. आई व्हरांड्यातून खाली आली. "दूर्वांवर औषध? माझ्या घरात?" संपलं. मग त्या तिघांनी दिवसभर खुरप्याने हरळीच्या मुळ्या काढल्या. टोपल्याच्या टोपल्या. त्यातल्या चार टोपल्या आईने तीन फुटांच्या पट्टीत लावून घेतल्या.

आता वर्ष उलटून गेलंय. फायदा काय झाला ते आधी सांगतो. आई रोज संध्याकाळी अंगणात फिरते. शेजारच्या काकू येतात, दोघी खुर्च्या टाकून बसतात. घसरण्याची भीती नाही, चिखल नाही. पट्टीला पुरते चार बादल्या पाणी, ते मी घालतो. आणि पहाटे आई झोपते. हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तोटेही आहेत, ते विक्रेते सांगत नाहीत. खरं गवत पानांतून पाणी सोडतं म्हणून थंड राहतं, प्लास्टिकला ती सोय नाही. कडक उन्हात ते ६० अंशांच्या वर जातं. एप्रिलच्या दुपारी आमच्या गालिच्यावर अनवाणी दोन पावलं टाकता येत नाहीत. पाणी मारलं तर निवतं, पण थोडा वेळच. म्हणजे पाणी वाचवायला आणलं आणि पाणीच मारत बसलो असं व्हायला नको. हॉकीच्या टर्फवर सामन्याआधी भरपूर पाणी मारतात हे बाबा मोठ्या तिरकसपणे सांगायचे.

दुसरं, साळुंक्या. पूर्वी पाणी दिल्यावर पाच-सहा साळुंक्या अंगणभर तुरुतुरु फिरायच्या, गांडुळं काढायला. आता त्या फक्त त्या तीन फुटांत येतात. गालिच्यावर चुकून उतरलेली साळुंकी एक-दोनदा चोच मारते आणि निघून जाते. ते बघायला बरं वाटत नाही.

तिसरं, हे आठ-दहा वर्षांत झिजणार आणि मग वेगवेगळ्या प्लास्टिकचा हा ३४२ चौरस फुटांचा थर कुठे टाकायचा हा प्रश्न माझ्या डोक्यावर आहे. याबाबत जगाचंही एकमत नाही. सॅन होजेची आतेबहीण सांगत होती, कॅलिफोर्नियात २०१५ च्या दुष्काळात कायदा झाला की सोसायट्यांना कृत्रिम गवताला मनाई करता येणार नाही, आणि २०२३ मध्ये दुसरा कायदा झाला की शहरांना हवी तर बंदी घालता येईल. इंग्लंडमधल्या प्रसिद्ध चेल्सी फ्लॉवर शोने २०२२ मध्ये त्याला दाराबाहेर काढलं. म्हणून कुणी विचारलं की "मीही टाकू का?" तर मी सरसकट हो म्हणत नाही. घरात गवत राखणारा माणूस असेल तर मुळीच टाकू नका.

कारण मला एवढंच उमगलंय. आम्ही लॉन लॉन म्हणायचो ते बाबांचं रोजचं पाऊण तास काम होतं. ते गेल्यावर लॉन तसंही राहिलं नव्हतं, फक्त आई ते एकटी ओढत होती. गालिचा अंथरल्याने बाबांचं अंगण गेलं असं मला वाटत नाही. ते आधीच गेलं होतं, आम्ही आईला पाइप खाली ठेवायला लावला.

राहता राहिली हरळी. जुलैत पहिल्या दोन पट्ट्यांच्या सांध्यातून तिने डोकं वर काढलं, अगदी ओळीत, भांग पाडल्यासारखं. एवढ्या टोपल्या मुळ्या काढूनही! कारागिराला फोन केला तर म्हणाला, लगेच उपटा, नाहीतर सांधा उकलेल. मी दर रविवारी उपटतो, आणि हा रविवार मात्र चुकवत नाही. फाटकाजवळचा वीतभर तुकडा तेवढा आईने राखून ठेवलाय. त्याला हात लावायचा नाही.

तर मंडळी, गणपतीला याल तेव्हा दुपारी अंगणात चपला घालून फिरा, संध्याकाळी अनवाणी चाला. आणि येताना मंडईतून दूर्वा आणू नका. २१ च्या हव्या तेवढ्या जुड्या होतील इतक्या घरी आहेत.