अब्बांची ट्रंक

मागच्या पावसाळ्यात पुण्याहून एका ग्राहकाचा फोन आला. ‘टाइमफॉर्म’चे साठच्या दशकातले खंड त्यांना हवे होते, तेही वरच्या कागदी वेष्टणासकट. माझ्याकडे दोन होते. प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पुठ्ठ्यात बांधून जव्हारच्या पोस्टातून पाठवले. दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात जमा झाले.

रात्री जेवताना अम्मीने विचारलं, “कायके पैसे आये?”

“किताबों के.”

“कौनसी किताबां?”

मी पाण्याचा पेला उचलला आणि उत्तर टाळलं. अम्मी ऐंशीच्या पुढे आहे. डोळे अधू झालेत, पण गप्प बसण्याचा अर्थ तिला बरोबर कळतो. ती म्हणाली, “घोडे की होंगी,” आणि ताट बाजूला सारलं.

मी शाळामास्तर. घर जामसरला. जुन्या पुस्तकांचा हा जोडधंदा गेली पंधरा-सोळा वर्षं करतोय. त्यातही घोड्यांच्या शर्यतींची पुस्तकं. जामसरसारख्या गावात, जिथे नाचणी-वरईच्या शेतातून माणूस पायी चालतो, तिथे बसून कुणी रेसची पुस्तकं विकतो, हे ऐकून लोक हसतात. पण ही पुस्तकं माझ्याकडे बाजारातून आली नाहीत. ती आधीपासून घरातच होती.

अब्बा गवताचा व्यापार करायचे. छोटाच. तेव्हा आमचा जिल्हा ठाणे होता. पालघर जिल्हा 2014 साली झाला. पाऊस ओसरला की डोंगरउतारावरचं गवत कापायचं, वाळवायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि भाड्याच्या ट्रकने विक्रमगड-मनोरवरून मुंबईला न्यायचे. जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत म्हशींना ते गवत लागायचं. कापायला येणारे सगळे वारली, कोकणा, कातकरी. मजुरी आठवड्याच्या बाजाराआधी द्यायची, हा रिवाज.

गवताचा हंगाम आणि मुंबईच्या रेसचा हंगाम एकच. पावसाळ्यात घोडे पुण्याला पळतात आणि नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत महालक्ष्मीला. म्हणजे अब्बांच्या खिशात पैसे यायची वेळ आणि महालक्ष्मीचं फाटक उघडायची वेळ जुळायची. कुणीतरी तबेलेवाला त्यांना पहिल्यांदा घेऊन गेला. पुढे त्यांना कुणी न्यावं लागलं नाही.

त्यांच्या ट्रंकेत दोन प्रकारची पुस्तकं होती. एक, रेसच्या दिवशी मैदानाबाहेर मिळणारी पातळ पुस्तकं: कोणत्या शर्यतीत कोणते घोडे, जॉकी कोण, पाठीवर वजन किती, मागच्या वेळी कितवा आला. दुसरी, फोर्टच्या फुटपाथवरून घेतलेली जाड इंग्रजी पुस्तकं. त्यात टाइमफॉर्मचा एक खंड होता. फिल बुल नावाच्या गणिताच्या मास्तराने इंग्लंडमध्ये 1948 साली ही संस्था काढली. प्रत्येक घोड्याला एक आकडा द्यायचा, त्याची ताकद पौंडांत मोजायची, ही त्यांची पद्धत. 1965 सालच्या सी बर्डला त्यांनी 145 दिले होते. तो आकडा ओलांडायला 2012 साल उजाडावं लागलं, तेव्हा फ्रँकेलला 147 मिळाले. हे मला नंतर कळलं. तेव्हा ते लाल-निळ्या पाठीचं एक जड पुस्तक होतं, एवढंच.

अब्बांना इंग्रजी येत नव्हतं. आकडे तेवढे वाचता यायचे. पाचवीपासून शाळेत मला इंग्रजी सुरू झालं आणि सातवीपर्यंत मी घरातला इंग्रजीचा जाणकार झालो होतो. कंदिलाच्या उजेडात अब्बा पुस्तक उघडायचे, मी घोड्यांची नावं आणि शेरे अक्षर लावून वाचायचो.

1984 सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका घोड्यापुढे ‘इम्प्रूव्हिंग’ असं छापलं होतं. अब्बांनी विचारलं, “याचा मतलब?” मी डिक्शनरी काढली आणि ऐटीत म्हणालो, “सुधारतोय.” अब्बांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या घोड्याचं नाव मला आजही पाठ आहे. इथे लिहीत नाही.

त्या घोड्यावर अब्बांनी तीन खेपांचे पैसे लावले. त्यात मजुरी होती. घोडा पाचवा आला.

कापणाऱ्यांना त्या आठवड्यात पैसे मिळाले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या आठवड्यात अम्मीने हातातल्या बांगड्या जव्हारच्या सराफाकडे दिल्या आणि स्वतः पाड्यापाड्यावर फिरून मजुरी चुकती केली. पण तोवर काही घरं बंद झाली होती. ती माणसं वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन भिवंडीकडे निघून गेली होती. दरवर्षी दिवाळीनंतर लोक जातातच. पण त्या वर्षी काही जण आमच्यामुळे लवकर गेले, हे मला ठाऊक आहे. आणि ‘सुधारतोय’ हा शब्द मीच सांगितला होता, हेही.

अब्बा वारल्यावर ट्रंक उघडली. काही पुस्तकं वाळवीने खाल्लेली, काहींना कसर लागलेली. जव्हारचा पाऊस कागदाला सोडत नाही. रद्दीत घालायला मुंबईला नेली, तर फुटपाथवरच्या एका जुन्या विक्रेत्याने ती चाळली आणि म्हणाला, “मास्तर, ये रद्दी में मत दो. इसके शौकीन हैं.” तेव्हापासून हा धंदा.

शौकीन खरोखरच आहेत. त्यांतले बहुतेक पैसे लावत नाहीत. कुणाला घराण्यातल्या घोड्याची नोंद हवी असते, कुणाला जुन्या मुंबईचा इतिहास. महालक्ष्मीचं मैदान 1883 चं. त्याआधी शर्यती भायखळ्याला व्हायच्या आणि त्या काळात अरबी घोडे जहाजाने मुंबईला उतरायचे. पहिली इंडियन डर्बी 1943 साली झाली. ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने. त्या दिवसाचं रेसबुक मिळालं तर माझे दोन ग्राहक मागतील ती किंमत देतील. मला ते अजून मिळालेलं नाही. जुनं पुस्तक ओळखायची एक सोपी खूण सांगतो. घोड्याचं वजन किलोऐवजी ‘8-12’ असं लिहिलेलं असेल तर ते स्टोन आणि पौंडांतलं. म्हणजे पुस्तक जुनं.

हा धंदा करता करता एक गोष्ट कळली, जी अब्बांना कळली असती तर बरं झालं असतं.

इंग्रजीतला ‘हँडिकॅपर’ हा शब्द दोन माणसांसाठी वापरतात. अमेरिकेत घोड्यांचा अभ्यास करून कोण जिंकेल हे काढणारा तो हँडिकॅपर. इंग्लंडात आणि आपल्याकडे मात्र तो क्लबचा अधिकारी. घोड्यांच्या पाठीवर वजन ठरवणं हे त्याचं काम. चांगल्या घोड्याला जास्त वजन, कमकुवत घोड्याला कमी. आपल्याकडे रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो. जॉकी हलका असेल तर खोगिरात शिसं भरून वजन पुरं करतात. सगळे घोडे शेवटच्या खांबाशी एका रेषेत यावेत, हा त्याचा आदर्श. कोण जिंकेल हे कुणालाच सांगता येऊ नये, यासाठी त्याला पगार मिळतो.

आता पाहा. एक माणूस कंदिलाखाली बसून कोण जिंकेल हे शोधतोय आणि दुसरा, त्याच्यापेक्षा जास्त माहिती असलेला, ते कळू नये म्हणून दिवसभर राबतोय. त्यातून टोटचा हिशेब वेगळाच. लोकांनी समजा शंभर रुपये लावले, तर क्लबचा वाटा आणि सरकारचा कर आधी काढून घेतात, मग उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे शंभर लावणाऱ्यांच्या गर्दीत परत शंभर कधीच येत नाहीत.

आणि एक मनात आलेलं सांगतो. मैदानात जो ताकदवान त्याच्या पाठीवर वजन जास्त. जव्हार-मोखाड्यात याच्या उलट. इथे जो अशक्त, त्याच्याच पाठीवर शिसं.

अब्बांना कुणी टोकलं की ते म्हणायचे, “मदीने में भी घोडे दौडे हैं.” ते खोटं नव्हतं. पैगंबरांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्याची हदीस बुखारीत आहे. तयार केलेल्या घोड्यांना लांबचा पल्ला, तयार न केलेल्यांना जवळचा. इब्ने उमर स्वतः त्या शर्यतीत होते. घोडा पाळणं, पळवणं, त्याची निगा राखणं याला आपल्याकडे मान आहे. पण त्या शर्यतीत पळणारे आपले घोडे घेऊन आले होते. कठड्याला टेकून मजुरांचे पैसे लावणारा तिथे कुणी नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. तोही मला पटतो. कौशल्य आहेच. घोड्याचं आहे, ट्रेनरचं आहे, जॉकीचं आहे. कायद्याचा प्रश्न तिथे सुटला. हराम-हलालचा सुटला नाही. कुरआनमध्ये सूरह बकराने दारू आणि जुगाराबद्दल सांगताना त्यात लोकांना काही फायदाही आहे, हे नाकारलेलं नाही. पण नुकसान फायद्याहून मोठं आहे, असं बजावलं आहे. हिशेबाची भाषा आहे ती. अम्मीला अरबी येत नाही, पण बांगड्या काढताना तिने हाच हिशेब केला असणार.

मग माझं काय? मी जुगार खेळत नाही, पण पुस्तकं विकतो. हा प्रश्न घेऊन मी जव्हारला एका मौलाना साहेबांकडे गेलो. मला वाटलं, ते एका शब्दात सांगतील. त्यांनी द्राक्षांची मिसाल दिली. द्राक्षं विकणं जायज. पण घेणारा त्यांची दारूच करणार हे पक्कं माहीत असेल तर? यावर जुन्या फकिहांमध्ये मतभेद आहेत. इमाम अबू हनीफांनी मुभा दिली, तर त्यांच्याच दोन शागिर्दांना ते पसंत नव्हतं. मौलाना म्हणाले, “मास्तर, फतवा देता येईल. पण तुमच्या ग्राहकाचं तोंड मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं.”

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. ज्या पुस्तकातले घोडे मेले, ते पुस्तक विकायचं. जे ‘जिंकायची पद्धत’ शिकवतं, ते घेणारा कोण हे कळल्याशिवाय द्यायचं नाही. नियमाची परीक्षा व्हायला फार दिवस लागले नाहीत.

होळीच्या आधी एक मुलगा घरी आला. बावीस-तेवीस वर्षांचा. आमच्याच शाळेत शिकलेला, आता भट्टीवर जातो. दारात उभा राहून म्हणाला, “गुरुजी, घोडा कसा लावायचा त्याचं पुस्तक आहे म्हणतात तुमच्याकडे. इंग्लिश असलं तरी चालेल. मोबाइलमध्ये भाषा बदलता येते.”

फोनवरून कुणाकडे तरी तो पैसे लावत होता. मला त्याच्या हातातला फोन दिसला आणि माझा सातवीतला हात आठवला, डिक्शनरी धरलेला.

पुस्तक दिलं नाही. उपदेशही केला नाही. तो अब्बांनी कधी ऐकला होता? ट्रंक उघडून अब्बांची एका हंगामाची रेसबुकं त्याच्यापुढे ठेवली. अब्बा लावलेल्या घोड्यापुढे पेन्सिलने रेघ मारायचे आणि घोडा लागला तर रेघेवर फुली. मी म्हणालो, “रेघा मोज. मग फुल्या मोज.”

त्याने मोजल्या. रेघा मोजता मोजता दोनदा चुकला, इतक्या होत्या. फुल्या मोजायला दोन हातांची बोटं पुरली. एका पानावर थांबून त्याने विचारलं, “ह्यात एवढी मोठी रेघ कसली?” पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता. मी त्याला त्या घोड्याची गोष्ट सांगितली. मजुरीचीही सांगितली.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्या साली माझी आजी गवताला होती तुमच्याकडे. ती सांगते, बायको दारावर येऊन पैसे देऊन गेली होती.”

आतल्या खोलीत अम्मीला सगळं ऐकू येत होतं. ती बाहेर आली आणि त्याच्यापुढे चहा ठेवून आत गेली.

जाताना मी त्याला एवढंच म्हटलं, की फोनमध्ये सगळे व्यवहार असतात, घरी जाऊन रेघा-फुल्या कर. आठ दिवसांनी तो परत आला. बेरीज करून आला होता. आकडा त्याने सांगितला. मी तो इथे लिहीत नाही. पण तो भट्टीवरच्या यंदाच्या उचलीपेक्षा मोठा होता.

त्याने खेळ सोडला का, मला सांगता येणार नाही. दिवाळीनंतर तो भट्टीवर गेला. जाण्याआधी भेटून गेला.

पुण्याच्या ग्राहकाने आता पूर्ण ट्रंकेची किंमत विचारली आहे. पेन्सिलीच्या खुणांनी पुस्तकाचं मोल कमी होतं, तरी त्यांनी चांगला आकडा सांगितला. मी अम्मीला विचारलं. ती म्हणाली, “बाकी की बेच. वो रहने दे.”

म्हणून ती ट्रंक विकाऊ नाही. कडुनिंबाचा पाला बदलून पुन्हा खाटेखाली सरकवली आहे. पण वाचकहो, तुमच्या घरातल्या कुणाला ती पानं बघायची असतील, तर त्याला जामसरला घेऊन या. मोजायला वेळ लागतो. तोवर चहा होईल.